परसातील फळझाडे : निवड, लागवड आणि निगा

पावसाचे पहिले दोन-तीन शिडकावे झाले की रोपवाटिकांतून गर्दी सुरू होते. नवे घर बांधलेले असते, घरामागे थोडी मोकळी जागा उरलेली असते आणि तीत एखादे आंब्याचे, एखादे पेरूचे, जमल्यास नारळाचे झाड असावे, अशी घरातील साऱ्यांचीच इच्छा असते. त्या उत्साहात पाच-सात रोपे आणली जातात आणि दिसेल त्या मोकळ्या जागी लावली जातात. पहिली काही वर्षे सारे छान दिसते. चूक कळते ती आठ-दहा वर्षांनी. आंब्याच्या फांद्या गच्चीवर टेकतात, त्याच्या सावलीत लिंबू फळेनासे होते, नारळाची झावळी शेजारच्या पत्र्यावर पडते आणि कोयीपासून हौसेने वाढवलेल्या आंब्याचे पहिले फळ आंबट निघते. तोपर्यंत झाडाचा घराला लळा लागलेला असतो. शिवाय ते काढायचे म्हटले, तरी कायद्याने ते सहजासहजी काढता येत नाही.

परसबागेतील बहुतेक अपयश असे लागवडीच्या दिवशीच ठरून गेलेले असते. खते, फवारण्या, छाटण्या या साऱ्या नंतरच्या गोष्टी. झाड कोणते, रोप की कलम, जागा कोठे आणि अंतर किती, या चार प्रश्नांचा विचार खड्डा खणण्यापूर्वी झाला, तर लहानशा परसातूनही वर्षभर घरची फळे मिळू शकतात.

जागेचा हिशेब

पूर्वीच्या घरांची परसे ऐसपैस होती. विहिरीच्या कडेला नारळ, मोरीच्या पाण्यावर केळी आणि अळू, गडग्यालगत फणस, अशी मांडणी पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवातून ठरलेली असे. आजचे परस बहुधा एका गुंठ्याच्या आतबाहेरचे असते. एक गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब आणि तेहेतीस फूट रुंद जागा, अर्थात १,०८९ चौरस फूट किंवा सुमारे १०१ चौरस मीटर.

हा आकडा झाडांच्या शिफारस केलेल्या अंतराशेजारी ठेवून पाहावा. हापूस आंब्याच्या पारंपरिक लागवडीत दोन झाडांत १० मीटर अंतर ठेवतात. म्हणजे पूर्ण वाढलेल्या एका हापूसला जवळजवळ एक गुंठा लागतो. चिकूचेही तसेच. नारळाला साडेसात मीटर, पेरू आणि कागदी लिंबाला सहा मीटर, सीताफळाला चार ते पाच मीटर अंतर लागते. एका गुंठ्यात आंबा, चिकू, फणस आणि नारळ अशी चारही झाडे लावणारा गृहस्थ चार झाडे लावत नसतो, तो चार झाडांमध्ये भांडण लावत असतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे मुळात आटोपशीर वाढणारी झाडे निवडणे. दुसरा म्हणजे मोठ्या झाडाला पहिल्या वर्षापासून नियमित छाटणीने लहान ठेवणे. आंब्याची पाच बाय पाच मीटरवर घन लागवड आता रूढ झाली आहे. मात्र तीत दरवर्षीची छाटणी गृहीत धरलेली असते. छाटणी होणार नसेल, तर ते अंतर परसात वापरू नये.

जागा ठरवताना

कोणत्याही फळझाडाला दिवसातून निदान सहा तास थेट ऊन लागते. परसाच्या कोणत्या भागात किती वेळ ऊन असते, याची नोंद लागवडीपूर्वी काही दिवस ठेवावी. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, हिवाळ्यात तो दक्षिणेकडे कलतो आणि घराची सावली उत्तरेकडे लांब पडते. आंब्याचा मोहोर, पेरूची वाढती फळे हे सारे हिवाळ्यातले असल्याने मेमधील ऊन पाहून जागा ठरवणे फसवे ठरते. उंच झाडे शक्यतो परसाच्या उत्तर कडेला आणि बुटकी दक्षिणेकडे लावली, म्हणजे एकाची सावली दुसऱ्यावर पडत नाही.

मोठ्या झाडाचे खोड भिंतीपासून किमान पाच मीटर आणि लहान झाडाचे दोन ते अडीच मीटर दूर असावे. शौचकूप, पाण्याची भूमिगत टाकी आणि सांडपाण्याचे पाइप यांच्याजवळ आंबा, फणस वा जांभूळ लावू नये. ओलाव्याकडे धावणे हा मुळांचा स्वभावच आहे आणि गळक्या सांध्यातून त्या आत शिरतात. वर विजेच्या तारा नाहीत ना, हेही पाहावे. कुंपणाच्या अगदी कडेला लावलेल्या झाडाची निम्मी फळे आणि सगळा पालापाचोळा शेजाऱ्याच्या अंगणात जातो आणि कटकटीला तेवढे कारण पुरते.

नव्या घराच्या परसातील माती अनेकदा माती नसतेच. बांधकामाचा राडारोडा, चुना, सिमेंट आणि विटांचे तुकडे यांवर चार इंच लाल माती पसरलेली असते. चुना-सिमेंटमुळे जमीन विम्लधर्मी होते, झाडाला लोह मिळत नाही आणि कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. अशा ठिकाणी राडारोडा खोलवर काढून टाकून बाहेरची पोयट्याची माती भरणे, याला पर्याय नाही. पावसाळ्यात जेथे पाणी साचून राहते, ती जागा केळीलाही चालत नाही. लिंबूवर्गीय झाडे आणि पपई तर तेथे मूळ कुजून मरतात.

रोप की कलम?

आंब्याची कोय रुजवून आलेले झाड आईसारखे निघेलच असे नाही. आपल्याकडील हापूस, केशर, पायरी या जातींच्या कोयीतून परागीकरणातून झालेला एकच अंकुर येतो आणि त्यात दुसऱ्या झाडाचे गुण मिसळलेले असतात. शिवाय त्याला फळे धरायला आठ-दहा वर्षे लागतात. कलमाला चौथ्या-पाचव्या वर्षापासून फळ घेता येते आणि ते मूळ झाडाचेच असते. म्हणून आंबा, चिकू आणि पेरू यांची कलमेच लावावीत. आंब्यात कोय कलम आणि मृदुकाष्ठ कलम, चिकूत खिरणीच्या खुंटावर बांधलेले कलम, तर पेरूत दाब कलम मिळते.

कोकमाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि बियांपासून केलेल्या रोपांपैकी जवळपास निम्मी नर निघतात. ती कित्येक वर्षे वाढवून झाल्यावर फळच धरत नाहीत, तेव्हा उलगडा होतो. मादी झाडाच्या काडीचे कलम लावले, म्हणजे हा धोका राहत नाही.

कागदी लिंबू मात्र याला अपवाद आहे. त्याच्या एका बीमधून अनेकदा एकाहून अधिक रोपे उगवतात आणि त्यांतील बहुतेक परागीकरणाविना, आईच्या पेशींपासून झालेली असल्याने तिच्यासारखीच निपजतात. त्यामुळे चांगल्या, निरोगी झाडाच्या बियांचे रोप खुशाल लावावे.

कलम शासनमान्य वा कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून घ्यावे. उंच, लुसलुशीत कलमापेक्षा मध्यम उंचीचे, पेन्सिलीएवढ्या जाडीचे, जोड एकजीव झालेले कलम चांगले. पिशवीच्या तळातून जाड मुळे बाहेर आली असतील, तर ते त्या पिशवीत फार काळ राहिले आहे असे समजावे आणि घेऊ नये. पिशवीतच आंबे लागलेले कलम पाहून मोह होतो, पण फळ धरण्यात शक्ती खर्च झालेले कलम जमिनीत मागे पडते.

कोणते झाड निवडावे?

आंबा : हापूसचा लौकिक कोकणातील हवामानाशी जोडलेला आहे. घाटमाथ्यावर आणि देशावर तो वाढतो, पण फळाचा तो दर्जा येत नाही. शिवाय एक वर्ष भरघोस आणि पुढच्या वर्षी तुरळक, असे वर्षाआड फळणे आणि फळात साका होणे हे त्याचे दोष आहेतच. देशावरील परसासाठी केशर अधिक भरवशाचा. कोकणात हापूसखेरीज रत्ना ही जात परसाला उपयुक्त आहे. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ती कोकण कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये प्रसारित केली. दरवर्षी फळणे हा तिचा गुण होय. रत्ना आणि हापूस यांच्यापासून झालेल्या सिंधू या जातीची कोय अगदी पातळ असते. फारच थोडी जागा असेल, तर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने दशेरी आणि नीलम यांच्या संकरातून काढलेली आम्रपाली ही ठेंगणी जात अडीच मीटर अंतरावरही लावतात.

पेरू : परसासाठी याच्याइतके सोशिक झाड दुसरे नाही. हलकी जमीन, थोडे पाणी, कडक छाटणी हे सारे ते सहन करते आणि तिसऱ्या वर्षी फळ देते. महाराष्ट्रात सर्वत्र प्रसिद्ध असलेली सरदार ऊर्फ लखनौ-४९ ही जात नावाने उत्तरेकडील वाटली, तरी तिची निवड पुण्याच्या गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात डॉ. चिमा यांनी केली होती.

कागदी लिंबू : घराला रोज लागणारे फळ. साई सरबती, तसेच परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या विक्रम आणि प्रमालिनी या जाती चांगल्या. पाण्याचा निचरा होणारी जमीन मात्र हवीच.

सीताफळ : कोरडवाहू भागातील परसाचे हे हक्काचे झाड. बाळानगर ही जुनी, प्रचलित जात. फुले खूप येतात, पण फळे थोडीच धरतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्याचे कारण फुलाच्या रचनेत आहे. सीताफळाच्या फुलातील स्त्रीकेसर आधी पक्व होतो आणि परागकण नंतर सुटतात, त्यामुळे फूल स्वतःच्या परागाने फळत नाही. परसातील एक-दोन झाडांना यावर हाताने उपाय करता येतो. पूर्ण उमललेल्या फुलातील परागकण मऊ कुंचल्यावर घेऊन ते सकाळच्या वेळी अर्धवट उमललेल्या फुलांच्या मध्यभागी फिरवावेत. फळधारणेत स्पष्ट फरक दिसतो.

आवळा : नरेंद्र-७, कृष्णा, कांचन, चकैया या जाती प्रचलित आहेत. एकाच जातीचे एकटे झाड नीट फळत नाही. दोन वेगळ्या जाती जवळ हव्यात. एकच झाड लावण्याएवढी जागा असेल, तर शेजाऱ्याशी बोलून त्याच्या परसात दुसरी जात लावावी.

पपई आणि केळी : ही झाडे थोड्या वर्षांची आणि थोड्या जागेची. मोठी झाडे लहान असतात, त्या पहिल्या तीन वर्षांत मधल्या जागेत ती लावावीत. पपईच्या काही जातींत नर आणि मादी झाडे वेगळी निघतात, म्हणून परसासाठी द्विलिंगी फुले येणारी जात घ्यावी. केळीच्या बुंध्यालगत येणाऱ्या मुनव्यांपैकी अरुंद, तलवारीसारख्या पानांचा एकच जोमदार मुनवा राखून बाकीचे काढत राहावे, म्हणजे घड मोठा मिळतो.

नारळ : कोकणात बाणवली जात दीर्घायुषी आणि काटक आहे. तिला फळ यायला सहा-सात वर्षे लागतात, संकरित जातींना त्याहून कमी. नारळाखालील विरळ सावलीत केळी, कोकम, जायफळ वाढते आणि त्याच्या खोडावर मिरीचा वेल चढवता येतो. या मिश्र लागवडीमुळे नारळाला दिलेली जागा वाया जात नाही.

फणस, जांभूळ आणि चिंच ही झाडे एक-दोन गुंठ्यांच्या परसाची नव्हेत. मोठे आवार असेल, तरच ती घरापासून दूर लावावीत.

एका गुंठ्याचा आराखडा

देशावरील एक गुंठा परस घेतले, तर छाटणीने लहान ठेवलेला एक केशर (पाच बाय पाच मीटर), एक लिंबू (पाच बाय पाच), एक पेरू आणि एक सीताफळ (प्रत्येकी चार बाय चार) आणि मोरीच्या पाण्यावर केळीचे एक बेट (दोन बाय दोन) यांना मिळून ८६ चौरस मीटर जागा लागते. उरलेली सुमारे १५ चौरस मीटर जागा चालण्या-फिरण्यासाठी ठेवावी. एवढ्या झाडांतून उन्हाळ्यात आंबा, शरद ऋतूत सीताफळ, हिवाळ्यात पेरू आणि वर्षभर थोडेबहुत लिंबू व केळी मिळतात. कोकणात नारळ धरला तर त्याच्या ५६ चौरस मीटरच्या घेरातच कोकम, केळी आणि मिरी बसवावी, आणि उरलेल्या उघड्या जागेत एकच आंबा, तोही छाटून लहान ठेवलेला, लावावा.

खड्डा आणि लागवड

खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून महिनाभर उन्हात तापू द्यावेत. आंबा, चिकू आणि नारळाला एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा लागतो. पेरू, लिंबू आणि सीताफळाला ६० सेंटिमीटर पुरतो. खणताना वरची सुपीक माती एका बाजूला आणि खालची मुरूममिश्रित माती दुसऱ्या बाजूला टाकावी. तळाशी वाळलेला पालापाचोळा घालावा, त्यावर वरची माती, दोन-तीन घमेली चांगले कुजलेले शेणखत आणि एक किलो सिंगल सुपर फॉस्फेट यांचे मिश्रण भरावे. अर्धवट कुजलेले शेणखत घालू नये. त्याने उष्णता निर्माण होते आणि वाळवी व हुमणी यांना आमंत्रण मिळते. माती पावसाने खाली बसते, म्हणून खड्डा जमिनीपेक्षा वीतभर उंच भरावा. कोकणातील कातळावर खड्डा फोडून काढावा लागतो. तेथे पाणी तुंबून राहणार नाही, अशी एखादी वाट ठेवणे विशेष गरजेचे असते.

लागवड जून-जुलैमध्ये, चांगला पाऊस होऊन जमीन निवाल्यावर करावी. पिशवी धारदार पात्याने कापून मातीचा गोळा न फोडता कलम खड्ड्यात ठेवावे. कलमाचा जोड जमिनीच्या वर निदान आठ-दहा सेंटिमीटर राहिला पाहिजे. तो मातीत गेला तर बुरशीने कुजतो किंवा जोडाच्या वरच्या भागाला मुळे फुटतात. जोडावर बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी अनेकदा तशीच राहून खोडात रुतते. ती लागवडीनंतर आठवणीने सोडावी. बाजूला काठी रोवून कलम सैलसर बांधावे.

पुढील दोन वर्षे एका गोष्टीवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावे. जोडाखालच्या खुंटातून येणारी फूट दिसताच काढून टाकावी. खुंट रानटी आणि जोमदार असतो. त्याची फूट वाढू दिली, तर वरचे कलम हळूहळू वाळते आणि केशरच्या जागी रायवळ, चिकूच्या जागी खिरणी उभी राहते. 'कलम बदलून दिले' म्हणून रोपवाटिकेवर येणाऱ्या आळापैकी काही आळ या दुर्लक्षातून आलेले असतात.

पाणी आणि आच्छादन

पहिला पावसाळा संपल्यानंतरचे आठ महिने ही कलमाची खरी कसोटी. पहिल्या वर्षी हिवाळ्यात आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात दर तीन-चार दिवसांनी दहा-पंधरा लिटर पाणी द्यावे. रोज तांब्याभर पाणी ओतण्याने मुळे वरच्या वरच राहतात आणि एखादा आठवडा परगावी गेले की झाड माना टाकते. सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी आळ्यात एक-दोन मडकी गळ्यापर्यंत पुरावीत, तळाच्या बारीक छिद्रात कापडाची वात घालावी आणि पाणी भरून तोंड झाकावे. पाणी हळूहळू मुळांपर्यंत पाझरत राहते. आळ्यात पालापाचोळा, वाळलेले गवत वा नारळाच्या सोडणांचे आच्छादन अंथरल्यास पाण्याची मोठी बचत होते. मात्र आच्छादन खोडाला टेकू देऊ नये.

लिंबू आणि पपई यांच्या बुंध्याला पाणी लागू देऊ नये. त्यासाठी खोडाभोवती मातीची भर देऊन बाहेरून आळे करण्याची दुहेरी आळे पद्धत वापरावी. साबण आणि धुण्याच्या पावडरीचे पाणी सतत दिल्याने जमीन चोपण होते. असे पाणी केळी व अळू काही प्रमाणात सोसतात, कोवळ्या कलमांना ते देऊ नये.

खत आणि छाटणी

दरवर्षी पावसाळ्याच्या आरंभी प्रत्येक झाडाला शेणखत किंवा घरच्या ओल्या कचऱ्याचे खत द्यावे. पहिल्या वर्षी एक घमेले, मग वयानुसार वाढवत न्यावे. ते खोडाजवळ टाकल्याने उपयोग होत नाही. अन्न घेणाऱ्या बारीक मुळ्या फांद्यांच्या पसाऱ्याच्या कडेखाली असतात. त्या घेरात वीतभर खोल चर काढून खत मातीने झाकावे.

आंब्याला पहिली तीन वर्षे आलेला मोहोर खुडून टाकावा. जिवावर येते, पण त्याने झाडाचा सांगाडा मजबूत होतो. कलम गुडघ्याच्या वर, साधारण ६० सेंटिमीटर उंचीवर शेंड्यात खुडले, की त्याला फांद्या फुटतात. त्यांतील चारही दिशांच्या तीन-चार राखाव्यात.

छाटणीची वेळ प्रत्येक झाडाच्या फुलण्याच्या सवयीवर ठरते. आंब्याचा मोहोर जुन्या, पक्व डहाळीच्या टोकाला येतो. म्हणून छाटणी फळे उतरल्यावर लगेच, जून-जुलैमध्ये करावी, म्हणजे नवी फूट हिवाळ्यापर्यंत पक्व होते. ऑक्टोबरमध्ये छाटलेला आंबा त्या वर्षी मोहरत नाही. पेरू आणि सीताफळाची फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून त्यांची छाटणी म्हणजे फुलांना बोलावणेच. पेरूला एप्रिल-मेमध्ये पाण्याचा ताण देऊन पावसाच्या पाण्यावर मृग बहार धरला, तर फळे हिवाळ्यात येतात. ती गोड असतात आणि पावसाळी फळांसारखी किडत नाहीत. लिंबाची छाटणी सुकलेल्या काड्या आणि खोडावरून सरळ वर जाणारे जोमदार फुटवे काढण्यापुरतीच असावी.

रोग आणि किडी

परसबागेत घर, विहीर आणि मुले जवळ असल्याने विषारी कीटकनाशके शक्यतो टाळावीत. चार-पाच झाडांवरील बऱ्याच किडी हाताने आवरता येतात. लिंबाच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी, पुढे हिरवी होणारी अळी ही फुलपाखराची असते. ती वेचून काढली, की काम भागते. पानांवर, फळांवर तांबूस खडबडीत ठिपके पाडणारा खैऱ्या रोग पावसाळ्यात बळावतो. रोगट काड्या छाटून जाळाव्यात आणि एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे.

हे मिश्रण घरी करता येते. प्लॅस्टिकच्या बादलीत पाच लिटर पाण्यात १०० ग्रॅम मोरचूद आणि दुसऱ्या बादलीत पाच लिटर पाण्यात १०० ग्रॅम कळीचा चुना विरघळवून, दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ढवळत ओतावीत. लोखंडी पाते त्यात मिनिटभर बुडवावे. त्यावर तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी आणखी घालावी, नाहीतर पाने करपतात. मिश्रण त्याच दिवशी वापरावे.

आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे आणि भुरी हे दोन मुख्य शत्रू. भुरीसाठी दहा लिटर पाण्यात २० ग्रॅम पाण्यात मिसळणारे गंधक फवारता येते. तुडतुडे दाट, अंधाऱ्या झाडात अधिक होतात, म्हणून आतल्या फांद्या विरळ करून ऊन-वारा खेळता ठेवणे हाच पहिला उपाय. पेरू आणि आंब्यातील अळ्या फळमाशीच्या असतात. गळालेली फळे रोज गोळा करून खोल पुरावीत आणि नर माश्यांना आकर्षून मारणारा रक्षक सापळा टांगावा. पिठ्या ढेकूण मुंग्यांच्या पाठोपाठ येतात. त्यांवर पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. नारळाच्या पानांवर पंख्यासारखे कातरे दिसले तर तो गेंड्या भुंगा होय. त्याची पैदास जुन्या शेणखतात होते, म्हणून उकिरडा नारळापासून दूर असावा.

काढणी

आंबा झोडून किंवा झाड हलवून पाडला तर तो आत मार खातो आणि पिकण्याऐवजी सडतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेल्या नूतन झेल्याने तो देठासह अलगद काढता येतो. चिकू झाडावर पिकत नाही. फळाची साल नखाने खरवडल्यावर खाली हिरव्याऐवजी पिवळसर रंग दिसला, की काढावा. सीताफळाचे डोळे उलून मधली जागा पिवळसर-पांढरी दिसू लागली, की दोन-तीन दिवसांत फळ पिकते. पाखरांचा वाटा दरवर्षी जाणारच, तो धरूनच हिशेब करावा. उरलेली फळे कागदी पिशव्यांत झाकून वाचवता येतात.

कायदा आणि विवेक

नागरी भागात महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. त्यानुसार स्वतःच्या आवारातील, स्वतः लावलेले झाड तोडायलाही पूर्वपरवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांहून जुन्या झाडांना विशेष संरक्षण मिळाले. ग्रामीण भागात १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच आणि जांभूळ यांचा समावेश आहे. या तरतुदींकडे अडचण म्हणून पाहण्याचे कारण नाही. झाड लावणे हा निर्णय पन्नास वर्षांचा आहे, एवढेच कायदा आपल्या भाषेत सांगतो.

म्हणून पहिल्याच पावसात पाच-सात रोपे आणण्याऐवजी, आधी परसाची लांबी-रुंदी मोजावी, कागदावर घर, विहीर, पाइप आणि कुंपण काढावे आणि प्रत्येक झाडाचा पूर्ण वाढलेला घेर त्या कागदावर वर्तुळाने दाखवावा. दोन वर्तुळे एकमेकांत शिरत असतील, तर त्यांतील एक पुसून टाकावे. कागदावरचे वर्तुळ पुसायला क्षणभर लागतो. तीच चूक परसात उभी राहिली, म्हणजे दहा वर्षांनी कुऱ्हाड हाती घेतानाही हात अडखळतो.